डावीकडचा शून्य

मी लेखक नाही. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला पहिला माणूस मी, तीही फौजेतून पेन्शन आल्यावर. वर्गातली मुलं मला काका म्हणतात. त्यामुळे वार्षिक अंकात लिहिण्याचं धाडस करतोय याबद्दल आधी माफी मागतो. गेल्या महिन्यात सरांनी वर्गात संख्यापद्धती शिकवल्या आणि फळ्यावर लिहिलं, ‘डावीकडच्या शून्याला किंमत नसते.’ बरोबरच आहे ते. पण मला पुढचं काही ऐकू आलं नाही. तास संपल्यावर सरांनी कारण विचारलं. मी सांगितलं, तेव्हा ते म्हणाले, लिहून द्या.

तेव्हा मी फौजेत नायक फाले होतो, एका उंच पोस्टवर रेडिओ ऑपरेटर. पोस्टचं नाव लिहीत नाही. बाराही महिने बर्फ. माझ्याबरोबर लान्स नायक बबन ढेबे होता. मी कोळवणचा, तो ताम्हिणीच्या वरच्या धनगरवाड्यातला. इतक्या लांब मुळशी तालुक्यातले दोघे एका बंकरमध्ये आलो, म्हणून तो मला दादा म्हणायचा.

पोस्टवरून जाणाऱ्या वाटेवर लोखंडी खांब होते. प्रत्येकावर पत्र्याचा नंबर. धुक्यात माणूस कुठं आहे ते खांबावरून कळायचं. सेटवर बोलणं बंद पडलं तर खांबाचा नंबर कसा कळवायचा, याची आमची एक रीत होती. माइक बिघडला तरी सेटची कळ दाबली की ऐकणाऱ्याकडची खरखर थांबते. जास्त वेळ थांबली तर एक, कमी वेळ थांबली तर शून्य. मोर्स कोणाला येत नव्हतं, पण बढतीच्या परीक्षेसाठी बायनरी, म्हणजे नुसत्या एक-शून्याची मोजणी, सगळ्यांनी पाठ केलं होतं.

नंबरातल्या प्रत्येक आकड्यासाठी तीन दाब. तीन दाबांत शून्य ते सात एवढंच बसतं, ऑक्टलसारखं. आठ किंवा नऊ आला की अडायचं. मग तो सगळा नंबर एकदम बायनरीत करून पाठवायचा. नुसते मोजून दाब का नाही दिले, असं कोणी विचारेल. वाऱ्यात सहा की सात हे कळत नाही. गट तीनचे असले की एक कमी पडलेला लगेच दिसतो.

सराव म्हणून सकाळी चहाआधी मी एक नंबर द्यायचो. प्रत्येकानं तो बायनरी, ऑक्टल आणि हेक्समध्ये रॉकेलच्या डब्यावर खडूनं मांडायचा. ज्याचं चुकेल त्यानं बर्फ फोडून पाण्याचा डबा भरायचा. तो डबा बहुतेक बबनच भरायचा.

“दहाला ए, अकराला बी,” तो हेक्सवर चिडायचा. “आकडं संपलं म्हनून अक्षरं उसनी आनायची? ह्यांच्यापरास आमची शेरडं मोजायची रीत बरी.”

पण त्याची चूक हेक्समध्ये नसायची. तीन दाबांत दोन म्हणजे शून्य-एक-शून्य. बबन पुढचा शून्य गाळायचा आणि नुसतं एक-शून्य लिहायचा.

“त्या डावीकडच्या शून्याला काय वजन हाय का, दादा? रिकामी पाटी कशाला डोक्यावर घ्यायची?”

आमचे सुभेदार साहेब शांत माणूस. ते म्हणाले, “ढेबे, स्क्वाड तीन रांगांत उभा केला आणि माणसं कमी पडली, तर डावीकडे काय सोडतोस?”

“ब्लँक फाइल, साहेब.”

“ती जागा भरून टाकतोस का?”

“न्हाई साहेब. रिकामी धरायची.”

“मग शून्यही धर. जा, बर्फ फोड.”

बबन कुदळ घेऊन हसत गेला. दुसऱ्या दिवशी त्यानं परत शून्य गाळला.

त्या दिवशी सकाळी तिघांचं गस्तीचं पेट्रोल निघालं. बबन, शिपाई नलावडे आणि शिपाई कांबळे. खाली नाल्यात उतरायचं, वळसा घालायचा आणि दुपारी वरच्या खिंडीतून परत यायचं. आमची पोस्ट बरोबर दोन्हींच्या मध्ये. दहाच्या सुमारास हवा फिरली. सेटवर आमची पोस्ट म्हणजे वन आणि पेट्रोल म्हणजे टू. अकराला बबनचा आवाज आला, “टू फॉर वन, ओके, ओव्हर.” त्यानंतर काही नाही.

मी बोलावत राहिलो. “वन फॉर टू, रिपोर्ट युअर लोकेशन, ओव्हर.” फक्त खरखर. सुभेदार साहेब माझ्या मागं उभे होते. खाली कॅम्पवरून मदत दुसऱ्या दिवसाच्या आधी येणार नव्हती. आम्ही पोस्टवर मोजके लोक. बर्फ पडत होता आणि उजेड चालला होता. एकाच बाजूला, एकदाच जाता येणार होतं.

तीन वाजता खरखर थांबली. मी हात वर केला. बंकरमध्ये कोणी हललं नाही.

लांब. आखूड. लांब. लांब. आखूड. आखूड. लांब. आखूड.

मधले थांबे वेडेवाकडे होते. बोटं गारठली असणार. मी म्हणालो, “टू, रिपीट, ओव्हर.” पुन्हा म्हणालो. मग ओरडलो. काही आलं नाही.

मी डब्यावर लिहिलं. १०११००१०. आठ दाब. अख्खा नंबर म्हणून वाचला तर एकशे अठ्ठ्याहत्तर. यात आठ आहे, म्हणजे तो एकदमच पाठवायला हवा. नियमात चोख बसत होतं. एकशे अठ्ठ्याहत्तरचा खांब खाली नाल्यात.

पण उजवीकडून तीन-तीनचे गट पाडले तर शून्य-एक-शून्य, एक-एक-शून्य आणि शेवटी उरतात दोनच, एक-शून्य. डावीकडे एक शून्य जोडला की दोनशे बासष्ट. तो खांब वर खिंडीत.

“फाले, कुठं?”

“साहेब, एकशे अठ्ठ्याहत्तर किंवा दोनशे बासष्ट.”

“मला ‘किंवा’ नको.”

“नियमानं एकशे अठ्ठ्याहत्तर.”

“आणि तुझ्या मनानं?”

“साहेब, बबन पुढचा शून्य गाळतो. रोज गाळतो. त्यानं दोनशे बासष्टच पाठवलंय.”

“तिघांचा जीव आहे.”

“होय साहेब.”

साहेबांनी डब्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. “बबन तुझ्या गावाकडचा. चला, खिंडीत.”

चढताना प्रत्येक पावलाला वाटत होतं, आपण त्यांच्याकडे पाठ करून चाललोय. नाल्यात ते वाट बघत असतील. मी मनात गट पाडत होतो, पुसत होतो, परत पाडत होतो. साहेबांना थांबवावं असं वाटलं. थांबवलं नाही.

दोनशे बासष्टच्या खांबाखाली खडकाच्या आडोशाला नलावडे आणि कांबळे सापडले. कांबळेचा पाय मोडला होता. नलावडे बेशुद्ध होता, श्वास चालू होता. बबन तिथं नव्हता. आडोशातून सेट लागत नव्हता, म्हणून तो सेट घेऊन वर वळणावर उघड्यावर गेला होता. तिथंच बसलेला मिळाला. अंगठा कळीवर होता. माइकच्या तोंडात बर्फ घट्ट झाला होता. सेटची बॅटरी संपली होती. बबनही गेला होता.

हवा उघडल्यावर दोघांना हेलिकॉप्टरनं नेलं. नलावडेला हाताची बोटं गमवावी लागली आणि तो घरी गेला. पुढं आमची गाठ पडली नाही.

मी सुट्टीवर आलो तेव्हा धनगरवाड्यात बबनच्या आईला भेटलो. तिला सगळं सांगितलं. बबन रोज एक चूक करायचा आणि ती चूक मला माहीत होती, म्हणून दोघे वाचले, असं सांगितलं. मला तसंच वाटत होतं. चूक माहीत होती म्हणून दुसरं कारण मी शोधलंच नव्हतं.

ती शेरडांना पाला टाकत होती. म्हणाली, “व्हय, लई चुकायचा. साळंतबी गुरुजी म्हनायचं, ह्यो सुधारायचा न्हाई.” मग म्हणाली, “चुकला, पर दोगं जगली. बरं झालं, लेका.”

त्यानंतर मी जिथं सांगितलं तिथं असंच सांगितलं. पोस्टवर नवीन आलेल्यांनाही. ते हसायचे. मीही हसायचो.

सरांच्या त्या तासानंतर मी जुन्या लोकांकडून नलावडेचा नंबर मिळवला. तो साताऱ्याकडं दुकान चालवतो. बराच वेळ घरच्या गोष्टी झाल्या. मग मी हसत म्हणालो, “बबननं तेव्हाही शून्य गाळला बघ, म्हणून सापडलात.”

त्यानं दुकानातल्या गिऱ्हाइकाला थांबायला सांगितलं.

“न्हाई, उस्ताद,” नलावडे म्हणाला. “कांबळ्याला आडोशाला ठेवून मी ढेब्यांच्यासंगं वळणापर्यंत गेलो हुतो. त्यांनी नऊ दाबलं. पहिला बारका दाबताना मला म्हनलं, ही ब्लँक फाइल. आज दादा बर्फ फोडायला लावायचा न्हाई. मग मला खाली धाडलं. तुमच्या सेटवर पहिला आला न्हाई का?”