फेटा की खण

आमच्या यांना जाऊन आज नऊ वर्षं झाली. एका सिनेमावरून आमचं भांडण मात्र मिटलं नव्हतं.

स्वातंत्र्य मिळायच्या आदल्या वर्षीची गोष्ट. मी सतरा वर्षांची, नुकती लग्न होऊन इस्लामपूरला आलेली. यांचं सायकलचं दुकान होतं.

दिवाळी झाली की गावाबाहेर सिनेमाचा तंबू लागायचा.

पुरुष पडद्यापुढे. बायका पडद्यामागे.

चित्र पडद्यातून आरपार दिसायचं, पण उलटं. हिरो डाव्या हाताने जेवायचा. टायटल्स वाचता यायची नाहीत. मी शाळेत गेले नव्हते. तंबूच्या दारात गाण्यांची पुस्तकं मिळायची, त्यांवर बोट ठेवून, अक्षरं गिरवून मी स्वतःच लिहायला-वाचायला शिकत होते. त्यामुळे उलट्या अक्षरांचा मला फार राग यायचा.

तंबू हलायच्या दिवसांत दुकानात सहा मित्र जमायचे. कुणाचा सिनेमा चांगला, मुंबई-कलकत्त्याचे पेपरवाले यंदा कुणाला बक्षीस देणार, यावर तासन्‌तास वाद.

मग ते स्वतःचं बक्षीस ठरवायचे. वर्षातलं बेस्ट काम करणाऱ्याला इस्लामपूरकरांकडून पोस्टाने फेटा. बाई जिंकली तर खण.

बाई कधी जिंकलीच नाही.

त्या वर्षी सगळ्यांना एकच सिनेमा आवडला होता. नाव सांगत नाही, कमेंटमध्ये भांडाल.

त्यात एक विधवा वहिनी होती. आलेलं पत्र अडखळत, एकेक अक्षर लावून वाचते आणि रडते. मला वाटलं, खण हिलाच जायला हवा.

यांना आवडला होता त्यातला म्हातारा सासरा.

मी म्हटलं, "आवं, त्यो काय करतोय? नुसता बसून तर असतोय."

"तेच तर ॲक्टिंग."

"मग आमचं बी मत घ्या."

हसनभाई बांगडीवाले म्हणजे आमच्या यांचे जिगरी दोस्त. ते हसले. "वहिनी, तुमी उलटं बघताय. मत बी उलटंच यायचं."

त्यांची बायको जैतूनभाभी माझ्याशेजारी उभी होती. ती म्हणाली, "मागनं बघितलं तर आसवं वर जात्यात व्हय?"



हे उठले. तंबूचं इंजिन यांनी दोनदा दुरुस्त करून दिलं होतं. मालकाकडे गेले आणि ठरवून आले. शेवटच्या खेळाला तोच सिनेमा, पण बायका पुढे, पुरुष मागे.

मी पहिल्यांदा सरळ टायटल्स पाहिली. भान राहिलं नाही, मोठ्याने वाचायला लागले.

पडद्यामागून ओरडा आला, "वाचा, वाचा! आमाला उलटं दिसतंय!"

त्यात यांचा आवाज सगळ्यात मोठा.

दुसऱ्या दिवशी दुकानात चिठ्ठ्या टाकल्या. सहा पुरुष, सहा त्यांच्या बायका. बायकांच्या चिठ्ठ्या मीच लिहिल्या, कारण लिहिता येणारी मी एकटीच. म्हणून मला आधीच कळलं, की जैतूनभाभीने म्हाताऱ्याला मत दिलंय.

"अगं भाभी?"

"मला त्यो आवडला. लिही गप."

सात-पाच. फेटा जिंकला.

घरी आल्यावर मी यांच्याशी बोलेना. यांनी नुसतं इकडे मत टाकलं असतं तर सहा-सहा झालं असतं.

हे म्हणाले, "तुला मत मिळावं म्हणून मालकाच्या हातापाया पडलो. आता माझं मत बी तुलाच देऊ व्हय? तुझं तुला, माझं मला."

तेव्हा फार लागलं. माझ्या बरोबरीच्या किती बायकांना नवऱ्याने 'तुझं मत तुझं' असं म्हटलं असेल, हा विचार नंतर आला.

फेट्याचं पार्सल गेलं. दोन महिन्यांनी म्हाताऱ्याचं कार्ड आलं. फेटा मिळाला, आभार, आणि माझं वय पस्तीस आहे.

झालं. ते कार्ड यांनी आयुष्यभर माझ्यावर वापरलं. आमटी आळणी झाली असं यांनी म्हटलं आणि मी नाही म्हटलं, की हे म्हणायचे, "त्यो पस्तिशीचा होता, ध्यानात हाय न्हवं?"

मीही कधी ऐकलं नाही. दवाखान्यात शेवटच्या आठवड्यातसुद्धा म्हटलं, "खण त्या पोरीचाच होता." हे हसले. बोलायची ताकद नव्हती.

गेल्या महिन्यात नातीने तो सिनेमा मोबाइलवर शोधून दिला. सत्तर वर्षांनी पाहिला.

वहिनी जरा जास्तच रडते. मला तेव्हा ती आवडली, कारण तीही माझ्यासारखी अडखळत वाचत होती. बाकी काही नाही.

आणि म्हातारा.

तो रोज घरात शिरताना दारात खाकरतो, आपण आलोय हे बायकोला कळावं म्हणून. आपल्याकडे सगळेच खाकरायचे. मग बायको मरते. दुसऱ्या दिवशी तो रानातून येतो, दारात खाकरतो. थांबतो. मग आत जातो.

एवढंच. रडत नाही, बोलत नाही.

सतराव्या वर्षी मला तिथे काहीच दिसलं नव्हतं. मागून नाही आणि पुढूनही नाही.

हे गेल्यापासून मी घरी एकटी असते. बाजारातून आले की कुलूप काढते, आणि अजून तोंडातून निघतं, "आले वो."

मग थांबते. मग आत जाते.

तो सीन मी तीनदा मागे नेऊन पाहिला. मोबाइल ठेवला आणि सांगायला वळले.

हसनभाई नाहीत, भाभी नाही. त्या बारा जणांतली मी एकटीच उरले. म्हणून इथे लिहिते आहे.

आवं, तुमचं बरोबर होतं.

माझी चिठ्ठी बदलून घ्या.

आठ-चार.

नमस्कार करते.