आडव्या फोनात दबलेलं बटण

माझी लेक लाखनीला घरी बसून कंप्युटरचं काम करते. ॲप नाही बनवत. ॲपवाल्यांसाठी तयार तुकडे बनवते, त्याला लायब्ररी म्हणतात. मी आपलं असं समजून घेतलं, की सुतार चौकटी करून ठेवतो अन् घरं दुसरेच बांधतात. चौकटच वाकडी निघाली तर किती घरांची दारं अडकतील, सांगा!

नव्या फोनात ॲप पूर्ण काचेवर पसरतं, फोनच्या तळाला मागं जायची वगैरे तीन बटणं असतात, त्यांच्या खालूनही. मग ॲपचं बटण तिथं दबतं. ते दबू नये, अशी सोय लेकीला करायची होती. संध्याकाळी पुण्याच्या ऑफिसातल्या मॅडमला दाखवायचं. पसंत पडलं तर काम घरूनच, नाही तर पुण्याला परत. सकाळपासून पोरीनं धड चहा घेतला नव्हता.

"आई, तुझ्या फोनात नमुन्याचं ॲप टाकलं. चालवून पाह्य न."

मी वांगी चिरत होते. आम्ही बाया फोन आडवा करून गडव्याला, म्हणजे पाण्याच्या तांब्याला, टेकवतो. अक्षरं मोठी दिसतात, हात मोकळे राहतात. तसाच ठेवला. 'जतन करा'चं बटण शोधलं, तर नुसतं 'जत' दिसलं. बाकीचं बाजूच्या पट्टीखाली. बोट लावलं, ते पट्टीतल्या बटणावर पडलं अन् ॲपच गायब!

"का केलं वो आई?"

"मी का करू? तुयं बटणच लपून राह्यलं."

तिनं फोन उभा धरला, ठीक. आडवा धरला, पुन्हा तेच. चेहराच उतरला तिचा. "आडवा केला का ते तीन बटणं बाजूले जातात. म्या खालचीच जागा सोडली. पण फोन आडवा ठेवते कोण?"

"कोण म्हणजे? सारी आळी ठेवते."

ती टाइप करायला बसली. मी तेलात फोडणीसुद्धा टाकली नाही, आवाज नको म्हणून. दुरुस्ती फोनात चढत होती अन् इकडं तिच्या कंप्युटरवर मॅडमचा कॉल आला. मी फोन टेकवला. 'जतन करा', अख्खं! दाबलं. जतन झालं.

पोरीनं आपणहून सांगितलं, "मॅडम, आडव्या फोनात चूक होती. आत्ताच सापडली, आत्ताच सुधारली." मला वाटलं, कायले सांगते ही!

मग मॅडम म्हणाल्या, "पुढचा भाग कधी देतेस?"

"सोमवारी."

"तिथूनच?"

"हो मॅडम, इथूनच."

कॅमेऱ्यात दिसू नये म्हणून मी तिच्या टेबलाखाली वाकले होते. तिथूनच तिचा पाय गच्च धरला.