कळलावीचा कंद

कॉलेजात असताना मी काढलेली फुलांची चित्रं अजून माझ्याकडे आहेत. सगळी काळ्या शाईची, टाकाने काढलेली. धोतरा, रुई, पळस, घाणेरी, बाभळीचा गोंडा. रंग एकही नाही. पाकळी गडद असेल तिथे ठिपके दाट आणि उजेड पडला असेल तिथे विरळ. आता चष्मा लावून बघते तेव्हा वाटतं, त्या वयात एवढा धीर माझ्यात आला कुठून? एक ठिपका चुकला की ब्लेडच्या टोकाने कागद खरवडायचा, आणि खरवडताना कागद फाटला की सगळी मेहनत वाया.

आम्ही जळगावला मेहरूणमध्ये राहत होतो. आबा, म्हणजे माझे वडील, एसटीत ड्रायव्हर. मूळ गाव शिंदखेड्याकडचं, म्हणून घरात बोलणं अहिराणीच. मी वनस्पतिशास्त्र घेतलं होतं आणि आमचे सर सातपुड्यातल्या वनस्पतींवर पुस्तक लिहीत होते. त्यातल्या चित्रांचं काम त्यांनी मला दिलं होतं.

त्या पावसाळ्यात सरांनी यावलकडच्या जंगलातून कळलावीचा वेल आणला, कंदासकट. फूल असं की बघत राहावं. उलट्या वळलेल्या, कडेला चुण्या पडलेल्या पाकळ्या, जणू चुलीतून जाळ वर आलाय. मी दिवसभर त्या पाकळ्यांवर मान मोडली. कंद मात्र घाईत उरकला. सरांनी कागद परत केला.

"हा कोपर गोल काढलात. इथे सरळ काटकोन आहे, नांगरासारखा. पुन्हा काढा. आणि हात धुतल्याशिवाय डबा उघडू नका. हा कंद विषारी आहे."

मी तो पुन्हा काढला. हातात घेऊन, फिरवून फिरवून, प्रत्येक सुरकुती बघून.

त्यानंतर काही दिवसांनी मी दुपारी कॉलेजातून घरी आले तर आई दारातच बादली घेऊन उभी होती. आबा सकाळपासून ओकत होते. जुलाबही सुरू होते. त्यांचे गुडघे सुजले होते म्हणून ते रजेवरच होते. गल्लीतले डॉक्टर येऊन इंजेक्शन देऊन गेले होते. पावसाळ्याचं पाणी बाधलं, संध्याकाळपर्यंत उतरेल, असं सांगून.

मीठ-साखरेचं पाणी करायला मी स्वयंपाकघरात गेले. ओट्यावर सहाण होती, अजून ओली. तिच्याशेजारी एक कंद पडला होता. एक टोक उगाळून झिजलेलं. मधे काटकोन.

क्षणभर मला वाटलं, माझाच कंद कॉलेजातून इथे आला.

तो उचलून मी आबांच्या खाटेशी गेले. "आबा, हाई कोनी दिधं तुमले?"

त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. "काही नही शे ते."

"आबा, सांगा!"

"यावलना बजारमा एक जन व्हता. गुडघासले चांगलं शे म्हने. उगाळीसन पिवाले सांगं."

"कितलं लिधं?"

आईच म्हणाली, "दोनदा उगाळं. पहिलांदा फरक नही पडना म्हनीसन आखो लिधं."

मी रिक्षा आणली. एका हातात कंद, काखेत चित्रांची फाईल. महामार्गावर ट्रकांची रांग लागली होती आणि आबांचं डोकं माझ्या खांद्यावर जड होत चाललं होतं. आई सारखी त्यांना हाका मारत होती. ते हुंकार द्यायचे, आणि द्यायचे थांबले की मी त्यांच्या नाकाशी बोट धरून बघायचे.

सरकारी दवाखान्यात त्या दिवशी जुलाबाचेच पेशंट भरले होते. तरुण डॉक्टरीणबाईंनी सलाइन लावायला सांगितलं आणि त्या पुढे निघाल्या. मी त्यांची वाट अडवली.

"मॅडम, हे जुलाब नाहीत. त्यांनी हे प्यायलंय."

त्यांनी कंद हातात घेतला. "हे काय? आंबेहळद?"

मी फाईल उघडून चित्र समोर धरलं. वर फूल, खाली कंद, कोपऱ्यात सरांच्या अक्षरात शास्त्रीय नाव. बाईंनी चित्र पाहिलं, कंद पाहिला, आणि त्यांचा आवाजच बदलला. "किती वेळ झाला? किती प्यायले?" मग त्यांनी मोठ्या डॉक्टरांना हाक मारली. आबांच्या नाकातून नळी घातली, पोट धुतलं. आम्हाला बाहेर काढलं.

"यावर उतारा नाही," मोठे डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले. "जे पोटात होतं ते शक्य तेवढं काढलंय. तीन-चार दिवस काही सांगता येणार नाही."

ते दिवस कसे गेले ते मला नीट सांगता येत नाही. लघवी कमी झाली. ताप चढला. रोज रक्त नेत आणि रोज कुणीतरी कागद बघून मान हलवी. आई एकदा सगळ्याचा दोष माझ्यावर टाकत उखडली, "बठ्ठं तुन्हा त्या झाडपालानं व्हयनं!" तिला ठाऊक होतं की माझा संबंध नाही. ती पदर तोंडात कोंबून रडायला लागली.

चौथ्या दिवशी आबांनी पाणी मागितलं. डॉक्टरीणबाई पहिल्यांदाच हसल्या. मला म्हणाल्या, "केस गळतील, घाबरू नका. येतात परत."

आणि खरंच गळले. उशीवर पुंजकेच्या पुंजके. आबांना त्याचं फार वाटलं नाही. पण एका दुपारी म्हणाले, "दखाड माले. कसं दिखस ते फूल?"

मी चित्र पुढे केलं. त्यांनी ते पुष्कळ वेळ पाहिलं आणि पालथं करून ठेवलं.

ते पुन्हा ड्युटीवर गेले तेव्हा टोपीखाली नुकतेच बारीक केस आले होते. यावलला गाडी थांबली की ते बाजारात त्या माणसाला शोधत. सापडला तर ते काय करतील, या धास्तीने आई त्या दिवशी जेवत नसे. तो कधीच सापडला नाही.

पुढे कितीतरी महिने टाक शाईत बुडवला की ठिपका भलतीकडेच पडायचा. सरांना मी सांगून टाकलं की सध्या मला जमणार नाही. त्यांनी आग्रह केला नाही.

एक दिवस आबांनी माझ्याकडे कळलावीचं चित्र मागितलं. संध्याकाळी ते झेरॉक्सचा गठ्ठा घेऊन आले. प्रत्येक कागदाखाली त्यांच्या मोठ्या, वाकड्या अक्षरात लिहिलं होतं, "हे खाऊ नका. जीव जातो." यावल, चोपडा, जिथे त्यांची गाडी जाईल तिथे स्टँडवर, चहाच्या टपरीवर ते चिकटवणार होते.

मी एक कागद हातात घेतला. झेरॉक्सवाल्याने शाई इतकी गडद मारली होती की माझे सगळे ठिपके एकमेकांत मिसळून पाकळ्या काळ्या ठिक्कर झाल्या होत्या. मला रडूच कोसळलं. "आबा, हाई काय करं? बठ्ठं चित्र बिघडनं."

आबांनी कागद उजेडाकडे धरून निरखला.

"कंद वळखाले येस ना?" ते म्हणाले. "मंग बस."