सोलांजच्या चादरीचं दुसरं टोक

सोलांज म्हातारीनं सरपंचाला लाकडी थापीनं बडवून धुण्याच्या हौदात ढकललं, अशी बातमी शेजारच्या गावच्या बेकरीत पावाबरोबर फुकट मिळते. खोटी आहे. थापी तिची होती हे खरं, सरपंच हौदात पडला हेही खरं. पण मधलं बडवणं लोकांनी आपल्या पदरचं घातलंय. कुणाकुणाच्या मनात ते किती वर्षांपासून होतं, ते मी सांगू शकतो, पण आज नको. मी त्या वेळी तिथंच होतो, तिची हातगाडी धरून. तेव्हा बेकरीवालीला नको, मला विचारा.

सोलांजच्या आणि माझ्या घरात एकच भिंत आहे, आणि तीही पातळ. सोमवारी पहाटे तिचे गुडघे बोलायला लागले की मला कळतं, आज धुणं. मग मी हातगाडी काढतो. चादरी, गुडघे टेकायची लाकडी पेटी, तिच्यातला पेंढा, साबणाची वडी, थापी आणि वर स्वतः म्हातारीचा हुकूम, एवढं सगळं उतारावरून हौदापर्यंत न्यायचं. हौदाला वर कौलारू छप्पर, चारी बाजूंनी उतरते दगड आणि खालून झऱ्याचं असं पाणी, की ऑगस्टमध्येही बोटं निळी पडतात. एके काळी तिथं गावातल्या सगळ्या बाया ओळीनं गुडघ्यावर बसायच्या. कुणाच्या नवऱ्याचा शर्ट कुणाच्या अत्तराचा वास घेऊन आला, हे पाद्र्याच्या आधी हौदाला कळायचं. आता नियमानं येणारी सोलांज एकटी. दोघी-तिघी सणावाराला येतात, पण त्या धुण्यापेक्षा ऐकायला येतात.

तिच्या मुलानं शहरातून कपडे धुण्याचं यंत्र आणून दिलंय. त्यात ती बटाटे ठेवते. दार घट्ट लागतं, उंदीर शिरत नाही, म्हणून.

"सोलांजबाई, बटाटे तरी स्वच्छ निघतात का?" मी एकदा विचारलं.

"तुझ्या कॉलरपेक्षा स्वच्छ," ती म्हणाली.

भांडणाला सुरुवात केली सरपंचानं. सरपंच म्हणजे रेजीस. बाप्तिस्म्याच्या वेळी त्याला हातात धरणारी धर्माची आई ही सोलांजच. म्हणून तो तिला 'मारेन' म्हणतो आणि ती त्याला, कचेरीतसुद्धा, 'पिल्ला' म्हणते. तर या पिल्लाच्या डोक्यात भरलं की आपल्या गावाला 'फुलांचं गाव' म्हणून बक्षीस मिळायला पाहिजे. त्यासाठी हौदाचं पाणी बंद करायचं, हौदात माती भरायची, मातीत लाल जिरेनियम लावायचे. पंचायतीनं हात वर करून ठराव मंजूर केला. माती आली. पाणी बंद व्हायच्या आधीच पाटी आली, छान निळी: 'या ऐतिहासिक हौदावर पूर्वी गावातील स्त्रिया कपडे धूत असत.'

सोलांजनं पाटी वाचली. दुसऱ्या सोमवारी तिनं आपले गुडघ्यापर्यंतचे लोकरी आतले कपडे त्या पाटीवर वाळत घातले. वाऱ्यानं ते असे फुगले, की दोन पर्यटकांनी त्यांचे फोटो काढले आणि कुठला झेंडा म्हणून मला विचारलं. आमच्या गावचा, मी म्हणालो.

परीक्षक मंडळ येणार होतं नेमकं सोमवारी. आदल्या आठवड्यात रेजीस तिच्या दारात उभा. भिंत पातळ आहे, हे मी सांगितलंच.

"मारेन, एक सोमवार. फक्त एक. तुम्ही जरा आजारी पडा ना."

"पडले तर बघायला येशील?"

"येईन की."

"मागच्या हिवाळ्यात पडले होते. तेव्हा कुठं होतास?"

"मीटिंग होती."

"मग या सोमवारी माझी मीटिंग आहे. हौदावर."

"पंचायतीचा ठराव झालाय, मारेन. परीक्षक येऊन गेले की पाणी बंद. तुम्ही हट्ट केला म्हणून काही बदलणार नाही."

"तुझी लंगोटं मी त्याच पाण्यात बडवलीत, पिल्ला. तेव्हा ठराव कुठं होता?"

दार आपटलं. माझ्या भिंतीवरचा कॅलेंडरचा खिळा पडला.

सोमवारी परीक्षक आले. गवती टोपीतल्या एक बाई आणि एक दाढीवाले. मागं रेजीस, कोट-टाय, पॉलिश केलेले बूट. त्यांच्यामागं अर्धं गाव. कुणाला फुलांची आवड असल्याचं मला आधी माहीत नव्हतं. सोलांज आपल्या पेंढ्याच्या पेटीत गुडघ्यावर, बाह्या वर, थापी चाललेली.

टोपीवाल्या बाई हरखल्या. "अय्या, किती खरं वाटतं! हे नाटक तुम्ही रोज करता?"

"नाही हो," सोलांज म्हणाली. "मी सोमवारी. बाकीचे दिवस सरपंच करतो."

मग तिनं हौदातून मोठी चादर उपसली, उभी राहिली, आणि एक टोक पुढं धरलं.

आता आमच्याकडे मोठी चादर एकट्यानं पिळत नाहीत. समोर जो येईल त्यानं दुसरं टोक धरायचं. घाईत आहे, हात दुखतो, मी पाहुणा, हे चालत नाही. एकदा बिशपच्या हातात टोक आलं होतं, त्यांनी अंगठी खिशात घातली आणि धरलं. आणि धरलेलं टोक पिळा पूर्ण होण्याआधी सोडलं, तर ज्यानं सोडलं त्यानं ती चादर गुडघ्यावर बसून पुन्हा धुवायची.

समोर होता रेजीस.

"आत्ता नको ना, मारेन," तो ओठ न हलवता म्हणाला.

गाव त्या टोकाकडे बघत होतं. या बघण्याला तो लहानपणापासून ओळखतो. त्यानं टोक धरलं.

"उजवीकडे पीळ," सोलांज म्हणाली. "तुझ्या आजोळचे डावीकडे पिळतात, म्हणून त्यांचं अंथरूण कायम दमट."

हसू फुटलं, रेजीसचे कान लाल झाले, पण तो पिळत होता आणि, खोटं कशाला बोला, चांगला पिळत होता. चादर दोरासारखी आवळत आली. तेवढ्यात दाढीवाले पुढं झाले. "वा, सरपंचसाहेब! इथं फुलांचा गालिचा म्हणजे उत्तम कल्पना. अभिनंदन!" असं म्हणून त्यांनी हात पुढं केला.

पुढं आलेला हात बघितला की तो धरायचा, ही सरपंचाची सवय. निवडणुकीत लागते, मग सुटत नाही. रेजीसनं हात दिला. चादर गरकन उलटी फिरली आणि चिखलात पसरली.

कुणीतरी शीळ घातली. मीच घातली.

"गुडघे," सोलांज म्हणाली.

"मारेन, मी सरपंच आहे!"

"म्हणून पेटीत पेंढा ताजा घातलाय."

त्यानं परीक्षकांकडे बघितलं, गावाकडे बघितलं. हा प्रकार काय, असं टोपीवाल्या बाईंनी मला हळूच विचारलं. मी सांगितलं. त्यांनी रेजीसकडे अशा नजरेनं बघितलं, जणू म्हणत होत्या, बसा, आम्हीही थांबलोय. त्यानं कोट माझ्याकडे दिला आणि बसला गुडघ्यावर. साबण घासला, थापी मारली. सोलांज वरून शिकवत होती, "अरे चादर आहे, विरोधी पक्ष नाही!" चादर फुगून हौदाच्या मध्याकडे निघाली, तो धरायला वाकला, पॉलिशचा बूट ओल्या दगडावरून सरकला आणि सरपंच गेला आत. थापी तेव्हा त्याच्याच हातात होती. धक्का कुणी दिला नाही. एवढंच झालं.

पाणी कमरेएवढं. तो उठला, चादर छातीशी, टाय खांद्यावर, दात वाजतायत. गाव हसून हसून कठड्याला टेकलं होतं. पाण्यात उभं राहून पाणी बंद करतो म्हणायला त्याची जीभ वळेना.

बक्षीस मिळालं नाही. मातीची पोती कचेरीमागं पडून आहेत, एका मांजरीनं त्यांच्या आडोशाला पिल्लं घातली. पाटी आहे, पण तिच्यावर सोमवारी आता तीन घरचे कपडे असतात. पाणी वाहतंय.

पण हौदात उभ्या रेजीसनं त्या दिवशी जी तडजोड काढली, ती त्याच्या मते फार मोठ्या मनाची होती. सगळ्यांना ऐकू जाईल असं तो म्हणाला, "ठीक आहे, मारेन. तुम्ही जिंकलात. तुम्ही आहात तोवर पाणी चालू राहील. तुमच्यासाठी."

सोलांजनं चादरीचं टोक त्याच्या हातातून ओढून घेतलं.

"माझ्यासाठी नको. मी गेल्यावरही चालू राहील. पाणी काय तुझ्या बापाचं आहे? तुझ्या बापाला मी चांगली ओळखत होते. त्यानं जन्मात पाण्याला तोंड लावलं नाही."