बाकावरचा आवाज

"मी आहे ना," असं म्हणून तो दंड धरायचा. आधी विचारायचा नाही. रस्ता ओलांडायचा असो, जिना चढायचा असो, नाहीतर मी नुसती उभी राहून चहा पीत असो, मागून येऊन पंजा दंडावर पडायचा आणि कानात हे तीन शब्द. तेही ओरडून. डोळे नसले की कानही गेलेले असतात अशी त्याची पक्की समजूत होती.

माणूस गेला की त्याच्याविषयी चांगलं बोलावं अशी आपल्याकडे पद्धत आहे. मी प्रयत्न करीन, पण आधीच सांगते, फार जमेल असं वाटत नाही. तोंडावर मी त्याला 'सर' म्हणायची आणि पाठीमागे 'तो'. इथेही 'तो'च राहू दे. नाव लिहीत नाही, कारण गिरगावात त्याची बायको आहे आणि ती बिचारी चांगली आहे.

तो आमच्या संघाचा मॅनेजर होता. आम्ही म्हणजे भारताचा महिला गोलबॉल संघ. हा खेळ तुम्हाला माहीत नसेल तर वाईट वाटून घेऊ नका, मॅनेजर झाला तेव्हा त्यालाही माहीत नव्हता. एका बाजूला तिघी, दुसऱ्या बाजूला तिघी. आत घुंगरं असलेला जड रबरी चेंडू जमिनीवरून जोरात टाकायचा. समोरच्या तिघींनी तो आवाजावरून ओळखायचा आणि अंग आडवं टाकून अडवायचा. गोल नऊ मीटर रुंद असतो, मैदानाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत. कोणाला थोडंफार दिसतं, कोणाला माझ्यासारखं काहीच दिसत नाही, म्हणून सगळ्याच जणी डोळ्यांवर काळी पट्टी बांधतात. आणि चेंडू खेळात असेपर्यंत हॉलमध्ये कोणी बोलायचं नाही. प्रेक्षकांनी नाही, आणि बाकावर बसलेल्या आपल्या माणसांनी तर मुळीच नाही.

अशा खेळाला हा माणूस मॅनेजर. सरकारी कचेरीतून रिटायर झाला, घरात बसवेना, संघटनेत कोणाचा तरी मेहुणा निघाला आणि आमच्या डोक्यावर येऊन बसला.

आमचा सराव परळच्या एका शाळेच्या हॉलमध्ये, सकाळी सहाला. मैदानाच्या रेषांखाली दोरी घालून वरून टेप चिकटवलेली असते, म्हणजे बोटांना आणि पायांना रेष कळते. ते काम आमच्या कोच ताई गुडघ्यांवर बसून करायच्या. हा त्यावरूनच फेऱ्या मारायचा. खिशात किल्ल्यांचा जुडगा. घराची किल्ली, कपाटाची, स्कूटरची, आणि देव जाणे कुठल्या कुठल्या कुलुपांच्या. एकदा गुड्डीने त्या किल्ल्यांनाच चेंडू समजून अंग टाकलं आणि तिचा खांदा भिंतीवर आपटला. गुड्डी उत्तर प्रदेशची, आमच्यात सगळ्यात लहान. खांदा चोळत मला म्हणाली, "दीदी, ये आदमी चुप कब बैठता है?"

"त्याच्या बायकोला विचारायला पाहिजे," मी म्हटलं.

त्याने ते ऐकलं आणि हसला. "अगं बाळ, किल्ल्यांचा कसला आलाय आवाज? एवढासा तर जुडगा." मी तेव्हा चौतीस वर्षांची होते, गिरगावातल्या एका बँकेत बारा वर्षं नोकरी झाली होती. तरी बाळच.

पट्टीचं तर त्याला शेवटपर्यंत पटलं नाही. "ज्यांना दिसतच नाही त्यांना पट्टी कशाला? उगाच घाम येतो." ताईंनी चार वेळा समजावलं. पाचव्यांदा त्याने परदेशी पंचांना विचारलं.

सत्कार हा त्याचा खरा खेळ. दादरला कुठल्या तरी मंडळाचा कार्यक्रम असला की तो आम्हा सहा जणींना ओळीत उभं करायचा आणि माइक हातात घ्यायचा. "या माझ्या सहा लेकी" इथून गाडी सुटायची. ती 'अंधारातून प्रकाशाकडे' या स्टेशनावर पोचेपर्यंत पाऊण तास जायचा. आम्हाला भूक लागलेली असायची. मागे वडे तळल्याचा वास येत असायचा आणि हा प्रकाशाचं सांगत असायचा.

एकदा हिंदमाताच्या कुठल्या दुकानदाराने संघाला साड्या दिल्या. निवडायला हा गेला. आम्ही त्या नेसून आणखी एका सत्काराला जाऊन आलो. लालबागला घरी आल्यावर आईने दार उघडलं आणि दारातच उभी राहिली. "अगे, ह्यो काय रंग मेलो? कावीळ झाल्यासारखो दिसता." दुसऱ्या दिवशी मी त्याला विचारलं. तर म्हणतो कसा, "स्वस्तात ढीग पडला होता, त्यातून घेतल्या. म्हटलं, तुम्हाला काय फरक पडतो?" मला किती फरक पडला ते मी त्याला शाळेच्या गेटवर उभं राहून सांगितलं. तो म्हणाला, "चिडू नकोस बाळ, मी आहे ना."

म्हणजे बघा.

आता मुख्य गोष्ट. आमचा संघ दोनदा परदेशात जाऊन आला होता आणि एकही मॅच जिंकला नव्हता. दहा गोलांचा फरक पडला की या खेळात मॅच तिथेच थांबवतात, आणि आमच्या बहुतेक मॅच अशाच थांबल्या होत्या. तिसऱ्या दौऱ्याआधी संघटनेच्या साहेबांनी आम्हाला बोलावून स्पष्ट सांगितलं. निदान एक मॅच जिंका. नाहीतर पुढच्या वर्षी महिलांचा संघ पाठवायचा नाही. गुड्डीचं तर या संघाच्या नावावर घरच्यांनी लग्न थांबवलेलं होतं. संघ बंद म्हणजे तिची परतीची गाडी.

आमचे ट्रॅकसूट निघायच्या आदल्या दिवशी आले. याचा कोट मात्र तीन महिने आधी शिवून तयार. खिशावर तिरंगा भरून घेतला होता. विमानतळावर त्याने आमची एकेकीची बोटं धरून त्या खिशावर टेकवली. "हाताने बघ. कसा झालाय?" मला राग आला होता, तरी बोटं फिरवली. काम खरंच बारीक होतं.

तिकडे पहिल्या तिन्ही मॅच हरलो, पण दहाच्या फरकाने एकही नाही. उरली शेवटची. दुसरा अर्धा भाग संपत आला तेव्हा आम्ही पाच-चार असे पुढे होतो. ताईंनी नंतर सांगितलं, घड्याळात सात सेकंद होते. मी चेंडू टाकला, तो त्यांनी अडवला आणि उलटा टाकला. अख्ख्या हॉलमध्ये टाचणी पडली तरी कळेल अशी शांतता. घुंगरं ऐकू आली, माझ्या उजवीकडे, कोपऱ्यात. मी अंग टाकलं. चेंडू मांडीवर आदळला, मी तो दोन्ही हातांनी आवळला.

आणि त्याच क्षणी बाकावरून आवाज आला, "उजवीकडे, बाळ! उजवीकडे!"

शिट्टी झाली. चेंडू खेळात असताना बाकावरून खेळाडूला काही सांगितलं तर पेनल्टी. अशी पेनल्टी झाली की ज्या खेळाडूने शेवटचा चेंडू टाकलेला असतो तिने एकटीने गोल राखायचा. वेळ संपलेली असली तरी. शेवटचा चेंडू मी टाकला होता. बाकीच्या दोघींना बाहेर नेलं. नऊ मीटर आणि मी.

"क्वाएट प्लीज," पंच म्हणाले. "प्ले."

मी डावीकडे झेपावले. बोटांची टोकं लागली चेंडूला. तेवढ्याने काही होत नाही. पाठीमागे जाळीत घुंगरं वाजली.

पाच-पाच. बरोबरी. बरोबरी म्हणजे विजय नाही, हे साहेबांनी मुंबईतच सांगून ठेवलं होतं.

हॉटेलच्या पॅसेजमध्ये मी त्याला गाठलं. आयुष्यात कोणाला बोलले नाही तेवढं बोलले. म्हटलं, "सर, चेंडू माझ्या मांडीला लागला होता. मला तुमच्या आधी कळलं होतं. तुम्हाला दिसतं म्हणून तुम्हाला जास्त कळतं असं कोणी सांगितलं तुम्हाला? दोन वर्षं आम्ही तोंड बंद ठेवायला सांगतोय. एक गोष्ट, सर. एकच गोष्ट करायची होती तुम्हाला, गप्प बसायची." गुड्डी शेजारी उभी राहून रडत होती. तो काहीच बोलला नाही. माझा दंडही धरला नाही. पावलं खोलीपर्यंत गेली आणि दार लागलं.

विमानातही गप्प. मला त्याची दया वगैरे आली नाही. मी ताईंना म्हटलं, "बघा, आता रिपोर्टमध्ये सगळं आपल्यावर ढकलणार. 'मुलींचं लक्ष विचलित झालं' असं लिहिणार. हवं तर पैज लावा." ताईंनी चहाची पैज लावली.

महिन्याभराने ताई सरावाला आल्या त्या एक पत्र घेऊन. संघटनेकडे त्याने पाठवलेला रिपोर्ट, त्याची प्रत. ताईंनी मोठ्याने वाचला. तीन पानं. पहिली दोन पानं स्वतःच्या सदतीस वर्षांच्या निष्कलंक सेवेवर. बढत्यांसकट. मी म्हटलं, "ताई, पुढचं पान." तिसऱ्या पानावर लिहिलं होतं की मॅच आपला संघ जिंकलेला होता, ती माझ्या आवाजाने गेली, मुलींकडे कसलाही दोष नाही. या निकालावरून संघ बंद केलात तर ती शिक्षा चुकीच्या माणसाला होईल. मला काढा आणि संघ पाठवा. सोबत राजीनामा जोडला आहे.

साहेबांना घाम फुटला असावा. बाकावरच्या माणसाच्या चुकीने मॅच गेली हे कागदावर आलं म्हटल्यावर संघ बंद करायचा कसा? आम्हाला आणखी एक दौरा मिळाला. 'शेवटचा' असं बजावून.

मी ताईंना चहा पाजला. त्याला फोन केला नाही. एका पानाने साड्यांचा रंग बदलत नाही, आणि गुड्डीचा खांदा अजून दुखत होता.

नवीन मॅनेजर म्हणून एक बाई आल्या. कमी बोलायच्या. दंड धरण्याआधी विचारायच्या. इतक्या व्यवस्थित होत्या की त्यांच्याबद्दल लिहायला माझ्याकडे काही नाही.

आणि त्या दौऱ्यात, दुसऱ्याच मॅचला, आम्ही जिंकलो. सात-सहा. शेवटचे दोन गोल गुड्डीचे. सगळ्या जणी मैदानावर एकमेकींना चाचपडत शोधत होत्या, कोण कोणाला मिठी मारतंय कळत नव्हतं. ताई रडत होत्या. गुड्डी घरी फोन लावून नुसतीच ओरडत होती. मी हॉलबाहेर येऊन पायरीवर बसले आणि त्याला फोन लावला. का लावला ते मला विचारू नका. तिकडे संध्याकाळ होती, मुंबईत दुपार असणार.

"सर," मी म्हटलं, "जिंकलो. सात-सहा."

पलीकडून काही नाही.

"सर? ऐकू येतंय का?"

श्वास ऐकू येत होता. मागे पंखा फिरत होता. खाली रस्त्यावर भंगारवाला ओरडत गेला तोही ऐकू आला. आणि हा गप्प. मला वाटलं, त्या पॅसेजमधलं बोलणं अजून मनात धरून बसलाय.

मग अगदी दबक्या आवाजात त्याने विचारलं, "पंचांनी शेवटची शिट्टी दिली ना? नक्की?"

"दिली, सर. मॅच संपली. बोला आता."

"मोबाईलवर लागली होती मॅच," तो म्हणाला. "पहिल्यापासून बघतोय. एक शब्द बोललो नाही. हिला विचार. हिलाही बोलू दिलं नाही. कुकरसुद्धा लावू दिला नाही, अजून जेवलो नाही आम्ही."

"अहो सर, गिरगावातला कुकर आम्हाला इथे कसा ऐकू येणार?"

"ते कळतं गं. पण उगाच कशाला रिस्क?"

मागून त्याची बायको म्हणाली, "आता लावू का भात?" आणि त्याला रडू फुटलं. चांगलं मोठ्याने. हा माणूस रडतानाही मोठ्यानेच रडायचा. दोन वर्षं ज्याला गप्प बस म्हणून सांगितलं, त्याचं रडणं कसं थांबवायचं ते मला माहीत नव्हतं.

पुढे महिन्याभरातच तो गेला. मी परतल्यावर भेटायला जाणार होते, आज जाते उद्या जाते करत राहिले. त्यामुळे आमचं शेवटचं बोलणं ते फोनवरचंच.

रडून झाल्यावर तो सुरू झाला. मी खेळलेली मॅच पहिल्या मिनिटापासून मलाच सांगायला लागला. कोणत्या चेंडूला मी कशी पडले, गुड्डीचा हात कुठून गेला, समोरची उंच मुलगी कशी फसली. अर्धं चुकीचं सांगत होता. समोरच्या मुलीचे गोल आमच्या नावावर घालत होता. बस सुटायची वेळ झाली, ताई मला हाका मारायला लागल्या. गुड्डी येऊन शेजारी बसली आणि विचारलं, "दीदी, कौन है?" मी तिला हाताने गप्प बस अशी खूण केली आणि ऐकत राहिले. तो भातावर वरण पडेपर्यंत बोलत होता. मी फोन ठेवला नाही.