आत्याबाई आणि कुरुळीचं लुगडं

आमच्या ह्यांच्या आत्याबाईंइतकं नव्या कपड्यांशी वैर धरणारं माणूस साऱ्या मावळात दुसरं झालं नसेल. त्या सिनेमाचे कपडे करत. त्रेपन्न-चोपन्न सालच्या सुमारास, तळेगावातल्या बऱ्या घरांत सिनेमा हा शब्दसुद्धा आवाज उतरवून काढला जाई, तेव्हा या विधवा बाई सकाळच्या गाडीनं पुण्याच्या स्टुडिओत जात, राण्यांपासून मोलकरणींपर्यंत कोणी काय नेसायचं ते ठरवत आणि संध्याकाळी घरी येऊन भाकऱ्या थापत. नवा कपडा खोटं बोलतो, असं त्यांचं ठाम मत होतं. म्हणून विणकराकडून आलेलं कोरं कापड त्या आधी शेणकुटाच्या ढिगात दडपत, मग बाभळीच्या कुंपणावर उन्हात टाकत, आणि तरी त्याची ऐट गेली नाही तर गोठ्यात म्हशीच्या पायाखाली अंथरत. माझे शाळामास्तर वडील माझ्या लग्नानंतर पहिल्यांदा मला भेटायला आले, तेव्हा त्यांचा नवा कोट खुंटीला होता. ते जेवून उठेपर्यंत आत्याबाईंनी पाय घासायच्या वजरीनं त्याची कोपरं घासून काढली होती. "आता कसा शिक्षकाचा कोट वाटतो," असं म्हणून त्यांनीच तो वडिलांच्या अंगावर चढवला. वडील सज्जन. त्यांनी आभार मानले.

त्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत कुरुळीच्या शिवारात एका सिनेमाचं काम सुरू झालं. गोष्ट एका शेतकरणीची होती. मी तेव्हा कन्याशाळेत शिकवत होते, शाळा बंद होती, म्हणून आत्याबाईंच्या सोबतीला गेले. शेतकरणीचं लुगडं त्यांना घरी करायचं नव्हतं. त्या आधी गावात दारोदार हिंडल्या आणि नवं लुगडं देऊन नेसून झिजलेलं मागितलं. लोक हसले. अखेर एका म्हाताऱ्यानं घरातून एक विटकं हिरवं लुगडं आणून दिलं. लुगड्याच्या खांद्यावर येणाऱ्या भागाला लाल दोऱ्यानं टाचलेलं ठिगळ होतं. आत्याबाई त्यावरून हात फिरवत राहिल्या. "यात माणूस आहे," म्हणाल्या. नायिकेनं आधी नाक मुरडलं, दुसऱ्याचं नेसणार नाही म्हणाली. आत्याबाईंनी ते उकळत्या पाण्यातून काढलं, वाळवलं आणि तिला शांतपणे सांगितलं, "तुम्ही नेसू नका. त्याच्या आत नुसत्या उभ्या राहा." ती राहिली, आणि खरोखरच शेतकरीण दिसू लागली.

निम्मं काम झालं असेल. नायिका विहिरीवरून घागर घेऊन येत होती. कॅमेरा चालू होता. एवढ्यात बांधावरून एक बाई सरळ आत आली. कोणी अडवायच्या आत ती नायिकेच्या पुढ्यात उभी राहिली आणि तिनं खांद्यावरच्या ठिगळावर बोट ठेवलं.

"हे माज्या लेकीचं हाय," ती म्हणाली. "काढून द्या."

तिचं नाव पारूबाई. त्या म्हाताऱ्याची बायको. ती भावाकडे गेली असताना नवऱ्यानं पेटीतलं लुगडं देऊन टाकलं होतं. लेक गेल्या साली बाळंतपणात गेली होती. पारूबाई रडत नव्हती, ओरडत नव्हती, पण जागची हलतही नव्हती. निर्माते छत्रीखालून उठून आले.

"बाई, त्याच्या बदल्यात कोरं लुगडं दिलंय तुम्हाला."

पारूबाईनं काखेतलं कोरं लुगडं त्यांच्या पायाशी ठेवलं. "ह्ये तुमचं. त्ये माजं."

निर्माते आत्याबाईंकडे वळले. अर्धा सिनेमा या लुगड्यात झाला होता. ते गेलं तर पुढच्या प्रसंगात नायिका दुसऱ्याच कपड्यात दिसणार. "यांना समजवा," ते म्हणाले, "नाहीतर माणसं बोलावून बाहेर काढावं लागेल." दोन गडी पुढे सरकलेही. गावातले लोक बांधावर जमू लागले होते. त्यांच्यातल्या एकानं हातातली काठी दुसऱ्या हातात घेतली, ते मी पाहिलं.

आत्याबाई पारूबाईपाशी गेल्या. समजूत घालतील असं सगळ्यांना वाटलं. त्यांनी एवढंच विचारलं, "हे ठिगळ कोणी लावलं?"

"तिनंच. पोटुशी व्हती तवा. लाल दोरा का घेतला म्हून मी बोलले तिला."

आत्याबाईंनी नायिकेचा हात धरला आणि तिला कपडे बदलायच्या तंबूत नेलं. आत काय झालं कोणाला कळलं नाही. बाहेर आल्या तेव्हा लुगडं घडी करून त्यांच्या हातात होतं. ते त्यांनी पारूबाईला दिलं.

"उद्यापासून येऊ नका," निर्माते म्हणाले.

"आज तरी कशाला थांबू," असं म्हणून आत्याबाईंनी कात्री पिशवीत टाकली. आम्ही मोटारीनं तळेगावला परतलो.

तिसऱ्या दिवशी पारूबाई आमच्या दारात उभी. "तुमचं काम गेलं म्हनत्यात. माज्यापायी का?"

"नाही, माझ्यापायी. घेताना घरातल्या बाईला विचारायला हवं होतं."

पारूबाई ओट्यावर टेकली. पाणी प्यायली. मग म्हणाली, "मी आनते लुगडं. पन नेसवनार मी, आन् सांजला घरी नेनार मी."

आत्याबाई तिला घेऊन कुरुळीला गेल्या. निर्मात्यांना लुगडं हवंच होतं, आत्याबाई नको होत्या. त्यांना बांधाच्या आत येऊ दिलं नाही. काम संपेपर्यंत त्या रोज बांधावर बसून पारूबाईला खुणा करत. पदर असा, निऱ्या तशा. पारूबाई त्यातली एकही खूण पाळत नसे. "माजी लेक अशीच नेसायची," असं ती तिथूनच मोठ्यानं सांगायची.

सिनेमा चाकणच्या तंबूत आला तेव्हा आम्ही तिघी गेलो. नावांच्या पाट्यांत आत्याबाईंचं नाव नव्हतं. पुढे पुण्याहूनही त्यांना फारसं कोणी बोलावलं नाही. पण त्या वेळी त्यांनी पाट्यांकडे पाहिलंच नाही. नायिका घागर घेऊन पाठमोरी चालत गेली आणि पारूबाईनं आत्याबाईंचा हात धरला.

"चालनं तिचं न्हाई," पारूबाई हलकेच म्हणाली.

"नाही," आत्याबाई म्हणाल्या.

पडद्यावरची बाई बांधाच्या वळणावर पोचली. वाऱ्यानं पदर उडाला.

"ह्यो मातुर तिचाच."

खेळ संपला, लोक उठले, चटया गोळा होऊ लागल्या, तरी त्या दोघी हातात हात घेऊन कोऱ्या पडद्याकडे बघत बसल्या होत्या. चला म्हणायचा धीर मला झाला नाही.