बालीगंजच्या फ्लॅटमधला स्फोट

कोलकात्यातल्या माझ्या पोलिसातल्या नोकरीतली ती घटना निवृत्तीनंतरही मनातून जात नाही.

बालीगंजच्या एका फ्लॅटमध्ये भर दुपारी गॅसचा स्फोट झाला. बँकेतल्या एका मराठी अधिकाऱ्याची बायको भाजली आणि संध्याकाळी रुग्णालयात वारली. बाहेरच्या खोलीत बसलेली सासू वाचली. अकस्मात मृत्यूची नोंद झाली. दुसऱ्या दिवशी पोलीस ठाण्यात निनावी फोन आला, ‘नवरा-बायकोचं पटत नव्हतं, नीट चौकशी करा.’ कुटुंब मराठी आणि मीही मराठी, म्हणून ठाण्याच्या प्रभारींनी मला बोलावून घेतलं.

स्फोटाच्या वेळी नवरा बँकेतच होता, हे आम्ही पडताळलं होतं. पण जबानीत, गॅस कुणी उघडा ठेवला, बायको शेवटी काय बोलली, असं विचारलं की तो मान खाली घालायचा. असा माणूस बहुधा काहीतरी लपवत असतो. तोही लपवत होता.

मायलेकांना शेजारच्या बंगाली बाईंनी आपल्या घरी ठेवून घेतलं होतं. तिथे आजींशी बोलत असताना आतून दूध करपल्याचा उग्र वास आला. शेजारीण धावली, मी नाकाला रुमाल लावला. आजी मात्र बोलतच राहिल्या.

“आजी, वास येतोय ना?”

“कसला हो?”

मुलगा चटकन उठला. “साहेब, जरा बाहेर येता?”

जिन्यात त्याला रडू फुटलं. “दूध आईनं तापत ठेवलं होतं. ते उतू गेलं, गॅस विझला, तिला कळलंच नाही. ही बाजारातून आली, वास आला म्हणून घाईनं एक्झॉस्ट फॅन लावला. त्याच ठिणगीनं भडका उडाला. जाताना मला म्हणाली, आईंना सांगू नका, त्या जगायच्या नाहीत.”

मागे दारात आजी उभ्या होत्या.

“मागच्या आजारपणापासून मला वास येत नाही रे,” त्या म्हणाल्या. “बोलले नाही. म्हटलं, मग मला ओट्याशी उभंही राहू देणार नाहीत.”

प्रकरण अपघात म्हणून बंद झालं. गॅसचा वास आला तर कुठल्याही बटणाला हात लावू नका, रेग्युलेटर बंद करा, दारं-खिडक्या उघडा आणि घराबाहेर पडा, हे तेव्हापासून मी भेटेल त्याला सांगतो. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना वास येतो का, हेही विचारायला सांगतो. आणि गप्प बसलेल्या माणसाला लगेच गुन्हेगार समजणं मी सोडलं.

त्या दिवशी मी निघताना आजींनी मुलाचा हात धरला. “तिला फार त्रास झाला का रे?”

“नाही आई. काहीच नाही.”

नोकरीत मी कितीतरी जणांचं खोटं उघडं पाडलं. त्याचं ते खोटं तेवढं तसंच राहू दिलं.